आगमनकाळाचे चार रविवार आणि घरातली गव्हाण

नोव्हेंबर सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी मुलांचा अभ्यास, घरातील मतभेद किंवा उतारवयातील एकटेपणा यांविषयी लिहिणारे ख्रिस्ती वाचक या दिवसांत नाताळाविषयी लिहू लागतात आणि त्या पत्रांत आनंदापेक्षा दमणूक अधिक असते. नागपूर आणि कामठीहून आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. मी नागपुरातल्या सदर या वस्तीत राहते आणि नोकरी करते. डिसेंबर उजाडला की आमच्या घरात नुसती धावपळ असते. घराला रंग, नवे पडदे, करंज्या-अनारसे-चकल्यांचा फराळ, केक, मुलांच्या नाटिकेच्या तालमी, रोज रात्री कोणत्या ना कोणत्या कॅरल पार्टीसाठी जागणे आणि २५ तारखेला साठ-सत्तर माणसांचे जेवण. गेल्या वर्षी नाताळच्या सकाळच्या उपासनेत मला चक्क झोप लागली. त्याच रात्री माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, ‘आई, नाताळ संपला ना? आता तू रागावणार नाहीस ना?’ तेव्हापासून मन खात आहे. घराण्याच्या पद्धती मोडाव्यात असे वाटत नाही, पण प्रभूचा जन्मदिवस पुन्हा असा जाऊ नये. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून मला माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट आठवली. अनेक वर्षांपूर्वी संडे स्कूलच्या नाताळच्या नाटिकेची जबाबदारी माझ्याकडे होती. देवदूत झालेल्या एका लहान मुलाला ‘भिऊ नका’ एवढेच सुरुवातीचे शब्द म्हणायचे होते आणि शेवटच्या तालमीत तो ते वारंवार विसरत होता. वेळ कमी होता, पोशाख शिवून झाले नव्हते, आणि मी त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडले. तो रडू लागला. ‘भिऊ नका’ हा निरोप ज्याने द्यायचा, तो मुलगा माझ्या भीतीने थरथरत उभा होता. नाटिका दुसऱ्या दिवशी उत्तम झाली, टाळ्याही मिळाल्या, पण त्या वर्षीचा नाताळ माझ्या लेखी तेथेच हरवला. म्हणून तुम्हाला पहिली विनंती अशी की, यंदाच्या तयारीला हात घालण्यापूर्वी मुलीला जवळ बसवा आणि गेल्या वर्षीच्या रागाबद्दल तिची क्षमा मागा. आईने क्षमा मागितलेली मुले विसरत नाहीत, आणि नाताळची तयारी याहून चांगल्या रीतीने सुरू होऊ शकत नाही.

आता धावपळीविषयी. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी मार्था आणि मरीया या बहिणींचा प्रसंग आहे आणि आपल्या मंडळ्यांमध्ये तो बहुधा मार्थेला दोष देण्यासाठी सांगितला जातो. मला ते पटत नाही. घरी पाहुणे आले म्हणजे कोणीतरी चुलीपाशी असावेच लागते, आणि प्रभूने तिला स्वयंपाकाबद्दल बोल लावलेला नाही. ती पुष्कळ गोष्टींची काळजी वाहत आहे, त्या ओझ्याखाली तिची ओढाताण होत आहे, हे त्याने पाहिले आणि तिचे नाव दोनदा घेऊन प्रेमाने तिला सांगितले. तुमच्या यादीतही काम ही अडचण नाही. सगळे काम एकाच तारखेच्या अलीकडे कोंबलेले आहे, ही खरी अडचण आहे.

आणि हे कोंबणे मंडळीच्या परंपरेतून आलेले नाही, ही गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. चर्चच्या पंचांगात नाताळच्या आधी आगमनकाळ येतो. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत जो रविवार पडेल तो आगमनकाळाचा पहिला रविवार, आणि तेथून नाताळपर्यंत चार रविवार मोजायचे. हा काळ वाट पाहण्याचा, आत्मपरीक्षणाचा आणि प्रार्थनेचा आहे. म्हणूनच पुष्कळ चर्चमध्ये वेदीवर या काळात जांभळा रंग असतो. कॅथलिक उपासनेत तर बेथलेहेमच्या देवदूतांच्या शब्दांनी सुरू होणारे स्तुतिगान आगमनकाळाच्या रविवारी गात नाहीत. ते राखून ठेवतात आणि नाताळच्या रात्री घंटानादासह पुन्हा गातात. चार रविवार ओठांवर न आलेले ते गीत त्या रात्री किती नवे वाटत असेल, याचा विचार करून पाहा. आपण मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज रात्री नाताळ साजरा करतो आणि २५ तारखेला दुपारी जेवणे आटोपली की तो गुंडाळून ठेवतो. वास्तविक नाताळचा सण त्या दिवशी सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, म्हणजे बारा दिवस चालतो.

हे एकदा मनात ठसले की, तुमच्या यादीतील बऱ्याच गोष्टींना दुसरी जागा सापडते. साठ-सत्तर माणसांचे जेवण २५ तारखेलाच व्हावे, असा कोठलाही नियम नाही. ते २८ डिसेंबरला किंवा १ जानेवारीला ठेवा. तुमच्याकडे येणाऱ्यांत शेजारचे हिंदू, बौद्ध, मुस्लिम स्नेही असतीलच. त्यांना तारीख बदलल्याने काहीच अडचण होणार नाही. उलट त्या दिवशी तुम्ही त्यांच्याजवळ बसू शकाल, स्वयंपाकघरातून धावत येऊन पाण्याचे पेले ठेवणार नाही. २५ तारखेला उपासनेनंतर घरच्या माणसांपुरता पुलाव आणि एक भाजी किंवा मटण एवढे पुरे आहे. रंगकाम यंदा करू नका. हवेच असेल, तर पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास उरका. शिवाय ज्या वर्षी हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असते, त्या वर्षी मोर्चे आणि बंदोबस्तामुळे सीताबर्डी आणि सदरकडचे रस्ते केव्हा बंद होतील याचा नेम नसतो. त्या गर्दीत पडद्यांचे कापड शोधत फिरण्याइतकी पडद्यांची निकड नसते. फराळाचे एकच पक्वान्न घरी करा आणि ते सगळ्यांनी मिळून करा. करंज्या असतील, तर मुलीला कातण द्या आणि घरातल्या पुरुषांना सारण भरायला बसवा. बाकीचे पदार्थ मंडळीतल्या ज्या भगिनी ऑर्डरप्रमाणे करून देतात, त्यांच्याकडून घ्या. त्यांच्याही घरी त्यामुळे नाताळ होतो.

कॅरल पार्ट्यांविषयी थोडे स्पष्ट लिहिते. रात्री साडेअकराला झोपलेली मुले उठवून, गाणे म्हणणाऱ्यांना चहा-केक देऊन, पुढच्या गटाची वाट पाहत बसणे, यात गाणारे आणि ऐकणारे दोघेही थकतात. तुमच्या मंडळीच्या तरुण संघाच्या चिटणिसांना नोव्हेंबरातच फोन करा आणि अमुक तारखेला रात्री नऊच्या आत या, आम्ही सगळे तयार असू, असे सांगा. इतर गटांना नम्रपणे सांगा की, नाताळनंतर आलात तर अधिक आनंद होईल. नाराजी होईल, अशी भीती मनात येईल. वेळेवर आणि प्रेमाने सांगितलेल्या नकाराने नाराज होणारे फार थोडे असतात. आयत्या वेळी दार न उघडणाऱ्यांवर मात्र लोक रागावतात, आणि त्यांचा राग अगदीच चुकीचा नसतो.

घराण्याच्या पद्धतीची तुम्हाला चिंता आहे, म्हणून यातले काहीही ठरवण्याआधी सासूबाईंशी बोला. त्यांच्या लहानपणी नाताळ कसा होत असे, हे त्यांना विचारा आणि मुलांसमोर सांगू द्या. माझ्या अनुभवाप्रमाणे वडीलधाऱ्यांच्या आठवणीतला नाताळ आजच्या मानाने फार साधा निघतो. एक नवा सदरा, बेकरीत भाजून आणलेला एकच केक, पहाटेच्या थंडीत चालत गाठलेले चर्च. ज्या पद्धती आपण जुन्या समजून सांभाळतो, त्यांतल्या पुष्कळ गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या असतात.

एक गोष्ट मात्र यंदा पाळून पाहा. २४ तारखेला दुपारी चारनंतर घरात गॅसवर नवीन काही चढवायचे नाही. कपड्यांची इस्त्री, केक, उरलेली खरेदी, जे काही असेल ते त्याआधी संपवायचे, आणि जे राहिले ते राहिले. संध्याकाळी सगळ्यांनी बसून लूकचा दुसरा अध्याय वाचायचा, प्रार्थना करायची, मुलांना लवकर झोपवायचे आणि तुम्हीही झोपायचे. दुसऱ्या दिवशी उपासनेत तुम्ही जाग्या असाल.

प्रश्न : मी कामठीचा, वय ७४. दोन्ही मुले पुण्याला आणि हैदराबादला असतात आणि नाताळच्या आठवड्यात सहकुटुंब येतात. नातवंडे सात, अकरा आणि चौदा वर्षांची आहेत. माझ्या वडिलांच्या काळी आमच्या घरी रोज तासभर कौटुंबिक प्रार्थना चालत असे. आता मी पवित्र शास्त्र उघडले की दहा मिनिटांत मुलांचा हात मोबाईलकडे जातो आणि सुना एकमेकींकडे पाहतात. मी रागावलो तर सणाच्या दिवसांत वातावरण बिघडते, गप्प बसलो तर मनाला लागते.

उत्तर : आबा, तुमचे दुःख मला समजते. ज्या प्रार्थनेने तुमचे बालपण घडवले, ती नातवंडांपर्यंत पोहोचावी ही इच्छा अगदी रास्त आहे. पण तासभराची अट आपण सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. पंधरा मिनिटे पुरेत, मात्र त्या पंधरा मिनिटांत मुलांच्या हाताला काम असले पाहिजे.

लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय २४ आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला, तर २४ डिसेंबरला पूर्ण होते. मुले तुमच्याकडे यायला अवकाश असला, तरी वाचन त्याआधीच सुरू होऊ शकते. रात्री ठरावीक वेळी व्हिडिओ कॉल लावा आणि एके दिवशी पुण्याच्या, एके दिवशी हैदराबादच्या नातवंडाला वाचायला सांगा. जो मोबाईल तुम्हाला खटकतो, त्याच्यावरच प्रार्थना चालू दे. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे, तो मोठा पडेल. त्याचे दोन तुकडे करा, किंवा तेवढा एक तुम्ही सांगा आणि मुलांना ऐकू द्या. त्यात जखऱ्या याजकाची कथा आहे. वय झालेल्या या माणसाला देवदूताने मुलगा होईल असे सांगितले, त्याचा विश्वास बसला नाही, आणि बाळाचे नाव ठेवण्याच्या दिवसापर्यंत त्याची वाचा गेली. इतके महिने ज्या घरात घरधनी बोलू शकत नव्हता, त्या घरातली शांतता कशी असेल, हे मुलांना विचारा. चौदा वर्षांचे मूल यावर तुमच्या अपेक्षेहून अधिक बोलेल. १५ तारखेला हरवलेल्या पुत्राचा दाखला येतो, १९ तारखेला झाडावर चढलेला जक्कय. २३ तारखेला वधस्तंभ येतो आणि २४ तारखेला रिकामी कबर. नाताळच्या आदल्या दिवशी पुनरुत्थान कशाला, असे घरातले कोणी म्हणेल. गव्हाणीतले बाळ कोण आहे, हे कळल्यावर गव्हाणीपाशी जाणे मला तरी अधिक योग्य वाटते.

मुलांच्या हातांसाठी दोन गोष्टी सुचवते. घरातला गोठा एका दिवसात सजवू नका. पहिल्या दिवशी नुसती रिकामी गव्हाण ठेवा, मग दोन-तीन दिवसांनी मेंढरे, मग मेंढपाळ, त्यानंतर योसेफ आणि मरीया. बाळ २४ तारखेच्या रात्री ठेवायचे आणि ते सात वर्षांच्या नातवंडाने ठेवायचे. मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेल्या ज्ञानी पुरुषांना, मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत उभे करा आणि रोज हातभर पुढे सरकवा. ते ६ जानेवारीला पोहोचतील. तोवर मुले परत गेली असतील, तर शेवटचे सरकवणे तुम्ही करा आणि त्यांना फोटो पाठवा. गोठ्याची ही परंपरा फार जुनी आहे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो या गावी संत फ्रान्सिस आसिसीकर यांनी खराखुरा बैल आणि गाढव आणून बेथलेहेमचा देखावा मांडला, तेथून ती पसरली. अकरा वर्षांच्या नातवंडाला विचारा की, लूकच्या दुसऱ्या अध्यायात बैल आणि गाढव कोठे आहेत. ते शोधत राहील, कारण लूकने गव्हाणीचा उल्लेख केला आहे, जनावरांचा नाही. तसेच मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी किती होते हे दिलेले नाही, आणि ते गोठ्यात नव्हे, घरात गेले असे म्हटले आहे. अशा शोधांमुळे मुले शास्त्र स्वतःहून उघडतात.

दुसरी गोष्ट आपल्या नागपूरसाठीच असावी अशी आहे. मोराव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीत १७४७ साली जर्मनीतल्या मारियनबोर्न येथे लहान मुलांना नाताळच्या उपासनेत लाल फीत बांधलेली पेटती मेणबत्ती दिली गेली. पुढे त्या प्रथेत संत्र्याची भर पडली आणि आज ती ख्रिस्टिंगल या नावाने ओळखली जाते. संत्रे म्हणजे जग, त्यात रोवलेली मेणबत्ती म्हणजे जगाचा प्रकाश असलेला ख्रिस्त, भोवतीची लाल फीत म्हणजे त्याचे रक्त, आणि चार काड्यांवर टोचलेली मनुका-खारीक म्हणजे देवाने दिलेली धरणीची फळे. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री आपल्या बाजारात हातगाड्यांवर रचलेली असतात. प्रत्येक नातवंडाला एक संत्रे द्या, त्यांनी ते सजवावे, आणि २४ तारखेला घरातले दिवे मालवून त्या तीन मेणबत्त्यांच्या उजेडात प्रार्थना करा. सर्वांत मोठ्याला प्रार्थना म्हणायला सांगा. त्याने चारच वाक्ये म्हटली, तर चारच राहू द्या.

वाट पाहणे मुलांना जड जाते, ही तक्रारही जुनीच आहे. हॅम्बर्गजवळ गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे योहान हिनरिक विखर्न यांना मुले रोज विचारत, नाताळ कधी येणार? १८३९ साली त्यांनी एका लाकडी कड्यावर मेणबत्त्या लावून रोज एक पेटवायला सुरुवात केली. आज चर्चमध्ये आपण आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या लावतो, त्यांचे मूळ या घटनेत आहे. मुलांच्या अधीरतेवर न रागावता तिला एक जागा करून देणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो.

प्रश्न : माझे लग्न याच वर्षी झाले. माझे माहेर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, सासर कॅथलिक. सासरी मध्यरात्रीच्या मिस्साबलिदानाला सर्वांनी जायचे असते आणि माहेरी २५ तारखेच्या सकाळच्या उपासनेला मी नसेन ही कल्पनाच आईला सहन होत नाही. पहिलाच नाताळ आणि दोन्हीकडे रुसवे.

उत्तर : दोन्हींना जा. रात्री पतीबरोबर आणि सकाळी पतीसह आईकडे. दोन्ही उपासनांच्या मध्ये झोप मिळावी म्हणून बाकीचा दिवस मोकळा ठेवा आणि जेवणाची आमंत्रणे २६ आणि २७ तारखांना वाटून घ्या. मिस्सातील कम्युनियनविषयी, म्हणजे प्रभुभोजन घेण्याविषयी, दोन्ही चर्चचे नियम वेगळे आहेत, म्हणून फादरांशी आणि तुमच्या पाळकांशी आधीच बोला, म्हणजे त्या रात्री रांगेत उभे राहताना मनात संकोच राहणार नाही.

घरात वडीलधारी मंडळी वेगळेपणावर बोलू लागली, तर त्यांना एवढी आठवण द्या की, ज्या चर्चमध्ये तुम्ही वाढलात, त्याची स्थापनाच सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन झाली, आणि ती आपल्याच शहरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल तेथून फार लांब नाही. एका रात्रीत दोन्ही ठिकाणी गुडघे टेकता येतील, असे भाग्य फार थोड्या गावांत मिळते.

प्रश्न : मी परिचारिका आहे. यंदा २४ आणि २५ या दोन्ही दिवशी माझी नाइट ड्यूटी लागली आहे. बदलून मागितली, पण मिळाली नाही. मुलगा पाच वर्षांचा आहे. ‘सगळ्यांच्या आया चर्चमध्ये असणार आणि तू नाहीस’ असे तो म्हणाला आणि मला रडू आले. आमचा नाताळ बुडालाच ना?

उत्तर : नाही, बुडाला नाही. नागपुरातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत आई, मावशी किंवा आजी परिचारिका होती किंवा आहे, आणि त्या घरांतली मुले तुमच्या मुलासारखीच रात्री खिडकीत बसून मोठी झाली आहेत. त्याला एक गोष्ट सांगा. प्रभूच्या जन्माची वार्ता सर्वांत आधी कोणाला मिळाली? जे त्या रात्री गावात, घरात, उबेत होते त्यांना नव्हे. रानात राहून रात्री कळपाची राखण करणाऱ्या मेंढपाळांना मिळाली, म्हणजे रात्रपाळीवर असलेल्यांना. त्याची आई त्या रात्री मेंढपाळांच्या बाजूला आहे, हे पाच वर्षांच्या मुलाला सहज समजते. वॉर्डातल्या खाटांवर कोणी घाबरलेले असेल, कोणाला नातेवाईक नसतील. त्यांच्याजवळ त्या रात्री तुमचे असणे ही उपासनाच आहे, आणि हे मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही.

व्यवहाराचे सांगायचे, तर चर्चच्या जुन्या गणनेप्रमाणे सणाचा दिवस आदल्या सूर्यास्तापासून सुरू होतो. म्हणजे २४ तारखेच्या संध्याकाळी, तुम्ही गणवेश चढवण्यापूर्वी, नाताळ लागलेला असतो. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. त्या वेळी घरी तिघांनी मेणबत्ती लावा, लूकच्या दुसऱ्या अध्यायाची पहिली वीस वचने वाचा, मुलाच्या हाताने बाळ गव्हाणीत ठेवा, केक कापा आणि मग ड्यूटीवर जा. २५ तारखेला सकाळी घरी आल्यावर झोपा. पाहुण्यांसाठी उठू नका, हे घरच्यांना आताच सांगून ठेवा. नवे कपडे आणि भेटवस्तू तुमच्या पुढच्या सुटीच्या दिवशी द्या. तो दिवस ६ जानेवारीच्या आत कधीही आला, तरी नाताळच असेल.

प्रश्न : आमचे वडील सप्टेंबरात वारले. मंडळीतले काही लोक म्हणतात की, दुःखाच्या घरी यंदा स्टार लावू नये आणि कॅरल पार्टीलाही येऊ नका म्हणून कळवावे. मुले मात्र स्टारची वाट पाहत आहेत. आई काहीच बोलत नाही. मी थोरला मुलगा, निर्णय माझ्यावर आहे.

उत्तर : दादा, आधी आईंना विचारा, आणि सर्वांसमोर नव्हे, त्या एकट्या असताना विचारा. त्या ‘तुम्हाला काय वाटेल ते करा’ म्हणतील. तेथे थांबू नका. बाबा स्टार कधी लावत, कोणत्या खिडकीत लावत, असे विचारा. बोलणे त्या वाटेने सुरू होईल.

माझे मत विचाराल, तर स्टार लावावा. तो उत्सवाची रोषणाई म्हणून लावला जातो हे खरे, पण मूळची ती मागी लोकांना वाट दाखवणारी खूण आहे, आणि अंधारात असलेल्या घराला तिची गरज अधिक आहे. दुःख नाताळच्या बाहेर ठेवावे, असे शास्त्रात कोठेही नाही. उलट नाताळच्या कथेतच ते आहे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात, मागी लोक परत गेल्यावर लगेच, हेरोदाने मारवलेल्या बालकांसाठीचा आक्रोश आहे, आणि मुलांसाठी रडणाऱ्या, सांत्वन न स्वीकारणाऱ्या राहेलीचे शब्द आहेत. चर्चच्या पंचांगाने त्या बालकांचे स्मरण २८ डिसेंबरला ठेवले आहे, आणि २६ तारखेला पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचे. सणाच्या बारा दिवसांत ही दोन स्मरणे ज्यांनी मांडली, त्यांना ठाऊक असावे की, रडणारी माणसेही गव्हाणीपाशी येणार आहेत. आईंना लूकमधली हन्ना दाखवा. लग्नानंतर सातच वर्षांत विधवा झालेली, ८४ वर्षांची ही स्त्री मंदिर सोडून जात नसे, आणि बाळ येशूला आणले त्या क्षणी ती तेथे होती. यरुशलेमेतल्या कितीतरी सुखी घरांतून त्या दिवशी तेथे कोणी आले नव्हते.

कॅरल पार्टीला येऊ द्या, पण चिटणिसांना आधी सांगा की ढोलकी आणि फटाके नकोत, दोनच गीते म्हणावीत, त्यांतले एक वडिलांच्या आवडीचे असावे, आणि जाताना आईंसाठी प्रार्थना करावी. दारावर कोणीच आले नाही, तर आईंना ते अधिक लागेल. २४ तारखेला सकाळी मुलांना घेऊन दफनभूमीत जा, कबर झाडून शेवंतीची फुले ठेवा. मुलांना त्यातून कळते की, आजोबांविषयी बोलायला मनाई नाही. संध्याकाळच्या वाचनासाठी वडिलांचेच पवित्र शास्त्र घ्या. त्यांनी समासात काही लिहिले असेल, कोठे पेन्सिलीने रेघ ओढली असेल, ती वचने वाचा. वाचताना आवाज भरून आला, तर पुस्तक शेजारच्याच्या हाती द्या, तो पुढे वाचेल.

जेवणाला पाहुणे बोलावू नका, आलेल्यांना फक्त चहा द्या. फराळ यंदा केला नाही, तरी चालेल. नवे कपडे मुलांना घ्या, आणि आईंसाठी त्यांनी मागितल्याशिवाय घेऊ नका. स्टार मात्र वडील लावत त्याच खिडकीत लावा, आणि आई लवकर झोपल्या, तर दिवा चालू ठेवून टीव्हीचा आवाज तेवढा बंद करा.